उत्तर हलेपर्यंत

वर्गात टॅब आले तेव्हा मला सगळ्यात आधी आवडली ती शांतता. दुसरीचा वर्ग, सव्वीस मुलं, आणि चक्क पंख्याची कुरकुर ऐकू येत होती! त्याआधी माझ्या वर्गात कुणाचं खोडरबर हरवलेलं असायचं, कुणाला तिसऱ्यांदा शू लागलेली असायची, कुणी कुणाला चावलेलं असायचं आणि तक्रार घेऊन चावणाराच यायचा. धाकटीच्या बाळंतपणानंतर मी नुकतीच कामावर परतले होते. झोपेचं पार खोबरं झालेलं. फळ्याकडे तोंड केलं की डोळे मिटायचे. मुलांना वाटायचं, बाई गणित आठवतायत.

मग निळ्या रबरी कव्हरातले टॅब लोखंडी ढकलगाडीत बसून वर्गात आले. गाडीचं एक चाक तिरकं चालायचं. ती उंबऱ्यावर खडखडली की सव्वीस मुलं हाताची घडी घालून बसायची. माझ्या ओरडण्याने दोन वर्षांत जे झालं नव्हतं ते एका चाकाने करून दाखवलं.

टॅबवरचा वाचनाचा धडा सोपा होता. वर चित्र, खाली चार शब्द. चित्राचा शब्द कोणता, त्यावर बोट टेकवायचं. बरोबर आलं की हिरवा पोपट पंख फडफडवून "शाब्बास!" म्हणायचा आणि एक तारा मिळायचा. चुकलं तर पोपट मान खाली घालायचा. मुलं त्या पोपटाला फार जपायची. त्याने मान खाली घातलेली कुणालाच बघवत नसे.

माझी थोरली त्याच वर्गात होती. घरात तिला सगळे खारू म्हणतात, कारण सापडेल ते ती खिशात नाहीतर गालात साठवते: बटणं, पेन्सिलीची टोकं, एकदा तर आजीच्या औषधाच्या बाटलीचं झाकण. वर्गात मला "बाई" म्हणायचं आणि घरी "आई", असं तिला बजावलं होतं. तिचा गोंधळ व्हायचा. झोपेत "बाई, पाणी" म्हणायची. तिचा बाबा लिफ्ट दुरुस्त करतो, त्याच्या पाळ्या सतत बदलत्या. तो हसून मला विचारायचा, "काय गं, घरीही हजेरी घेतेस की काय?"

खारूचे तारे वर्गात सगळ्यात जास्त होते. मी हे कुणाला सांगत नसे. आईने मुलीचं कौतुक करावं, बाईने करू नये. मनातल्या मनात मात्र रोज बघायचे.

टॅब येण्याआधी आमच्या शाळेत वाचन शिकवायच्या त्या मोठ्या बाई. पस्तीस वर्षं एकच काम. रोज एक तास त्यांचा: खिडकीजवळ लाकडी स्टूल, शेजारी बुटकी खुर्ची. सहा-सात मुलांना एकेक करून जवळ बोलवायचं, पुस्तक मांडीवर ठेवायचं, ओळीखाली मुलाचं बोट ठेवायचं आणि ते मोठ्याने वाचेल तसं ऐकत राहायचं. मुलं त्यांना बोटबाई म्हणायची. बाईंना ते माहीत होतं, आणि आवडतही होतं.

त्यांच्याकडे एक वही असायची. त्या वहीत मार्क नसत. प्रत्येक मुलाच्या नावापुढे ते मूल ज्या शब्दाला अडलं तो शब्द. उद्या ते मूल आलं की त्याच शब्दापासून सुरुवात. मी नवी असताना विचारलं होतं, "बाई, नुसत्या चुकाच का लिहिता? आलेलं का नाही लिहीत?"

"चुका कुठे आहेत गं? अडलेलं आहे. चालणारंच अडखळतं. बसून राहिलेला कधी अडखळलाय का?"

मला तेव्हा ते ऐकायला छान वाटलं होतं. छान वाटलं आणि विसरले.

जानेवारीत मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर तीस प्रश्नांचा एक तक्ता होता. वरच्या कार्यालयातून आलेला.

"बाई, तुम्हाला कॉम्प्युटर येतो. तुमच्याच वर्गात टॅब आहेत. त्याचा खरंच उपयोग होतोय की नाही, हे तुम्ही बघायचं आणि अहवाल लिहायचा. पंधरा दिवस आहेत."

"आणि उपयोग होत नसेल तर?"

"तर टॅब जातील. होत असेल तर वाचनाचा तास टॅबला द्यायचा. वेळापत्रकात एकच जागा आहे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत." त्यांनी आवाज खाली आणला. "मोठ्या बाईंना मी सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, ती पोरगी प्रामाणिक आहे, ती जे लिहील ते मला मान्य."

हे त्यांनी नसतं सांगितलं तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं.

मी आळशीपणा केला असं म्हणता येणार नाही. सगळ्या मुलांचे आलेख काढले, पालकांना प्रश्न विचारले, स्वतः दोन दिवस टॅबवर बसून पहिलीपासून तिसरीपर्यंतचे सगळे धडे सोडवून पाहिले. सुरेख धडे होते. चित्रं स्वच्छ, आवाज गोड. शेवटी मुलांची परीक्षा घेतली. तीही टॅबवरच. टॅबवर शिकलेलं टॅबवर तपासलं. मापट्यानेच मापटं मोजलं, आणि भरलं म्हणाले.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या.

"काय म्हणतो तुझा पोपट?"

"चांगलं म्हणतो, बाई. सव्वीसपैकी बावीस जण पुढच्या पातळीवर गेलेत. हा आलेख बघा."

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "रेघ छान चढलीय. जिन्यासारखी." मग काखेतली वही काढून माझ्यासमोर उघडली. "माझ्याकडे जरा वेगळं दिसतंय. दिवाळं निघाल्यासारखी कोरी पानं. पोरं अडतच नाहीत."

"मग चांगलंच की!"

"अडत नाहीत, कारण सुरूच करत नाहीत. पुस्तक समोर ठेवलं की बघत बसतात. शहाण्यासारखी, हलत नाहीत, बोलत नाहीत. मी म्हणते, अरे वाच. तर माझ्याकडे असं बघतात जणू मीच काहीतरी करायचं राहिलंय." त्यांनी वही मिटली. "तू एकदा ऐक. टॅबवर नको. कागदावर. एकेकाला जवळ घेऊन."

"ऐकते, बाई."

"नक्की?"

"नक्की."

मला वाटलं, मुलांना पुस्तकाचा कंटाळा आला असेल, चित्रं हलती लागत असतील आता. आणि थोडं असंही वाटलं की पस्तीस वर्षांचा तास हातातून जायची वेळ आली की कोणालाही असंच दिसेल. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा शब्दांत म्हटलं नव्हतं. आता म्हणते.

अहवाल मी दुपारी, शाळेतून आल्यावर, धाकटी झोपायची तेवढ्या तासाभरात लिहिला. एका पायाने पाळणा हलवायचा, मांडीवर कागद. सासूबाई दारातून डोकावून म्हणायच्या, "दुसऱ्यांची पोरं तपासतेस, स्वतःची झोपवायला एक पाय!" त्यांचं बोलणं तिखट, पण चहाचा कप हातात आणून द्यायच्या तो त्याच बोलण्याबरोबर.

त्या अहवालातलं एक वाक्य माझं खास लाडकं होतं. 'मुले घाईने उत्तर देत नाहीत. बहुतेक जण एका प्रश्नावर नऊ सेकंद शांतपणे विचार करतात.' टॅबनेच ते सेकंद मोजून दिले होते आणि त्याला 'एकाग्रता' असं नाव दिलं होतं. माझी चावरी, रडकी, शू लागलेली मुलं, आणि नऊ सेकंद एकाग्र! ते वाक्य लिहिताना माझे डोळे भरून आले होते.

सतरावा प्रश्न असा होता: 'प्रत्येक विद्यार्थ्याचे वाचन मूल्यमापकाने प्रत्यक्ष ऐकले आहे काय? होय / नाही.'

शेवटचे दोन दिवस उरले होते. सव्वीस मुलं, प्रत्येकाला दहा मिनिटं. धाकटीला ताप होता. मी पेन हातात घेऊन बसले असताना ती उठली आणि रडायला लागली. तिला उचललं, खांद्यावर घेतलं, आणि डाव्या हाताने तिची पाठ थोपटत उजव्या हाताने 'होय'वर खूण केली. रोज माझ्यासमोरच तर वाचतात, असं म्हणून.

फेब्रुवारीत वाचनाचा तास बंद झाला. मोठ्या बाईंना खाली कार्यालयात दाखले लिहायला बसवलं. त्यांनी तक्रार केली नाही. जाताना वही माझ्या टेबलावर ठेवली, वर एक खडू. "ठेव तुझ्याकडे. लागली तर." तेवढंच. मी ती कपाटात सगळ्यात वर ठेवली.

नंतरची गोष्ट एका चिठ्ठीची आहे.

मार्चमध्ये मला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला जायचं होतं. अहवाल चांगला झाला म्हणून इतर शाळांच्या शिक्षकांना मीच सांगायचं होतं की मूल्यमापन कसं करावं. त्या दिवशी घराचं गणित जमेना. नवऱ्याची दुपारपाळी, सासूबाई धाकटीला डोस द्यायला दवाखान्यात नेणार, परत कधी येतील नेम नाही. खारू त्या दिवशी एकटी रिक्षाने घरी येणार, तीन वाजता. मी सकाळी तिची वेणी घालताना म्हटलं, "आज तुला माझं पहिलं पत्र. दारावर लावून ठेवते. नीट वाचायचं आणि त्यात लिहिलंय तसं करायचं."

"खरंखुरं पत्र?"

"खरंखुरं. तू आता मोठी झालीस ना. एवढे तारे."

ती इतकी खूश झाली की वेणी अर्धी सोडून उड्या मारायला लागली.

मी मोठ्या, गोल अक्षरात लिहिलं: 'खारू, समोरच्या काकूंकडे जा. तिथे दूध मिळेल. मी पाच वाजता येते. तुझी आई.' तीनच वाक्यं. एकही जोडाक्षर मुद्दाम येऊ दिलं नाही, फक्त त्या 'च्या'ला इलाज नव्हता. काकूंना सांगून ठेवलं, दारावर चिठ्ठी चिकटवली.

साडेपाचला परत आले तर खारू जिन्यात बसलेली. दप्तर पाठीवर तसंच. दोन्ही हातांत चिठ्ठी, डोळ्यांसमोर धरलेली, आणि ती तिच्याकडे बघत होती. रडत नव्हती. अगदी शांत. अडीच तास. काकूंनी दार उघडून विचारलं होतं म्हणे, येतेस का. तर ही म्हणाली, आधी मला माझं पत्र वाचायचंय. काकूंना कौतुक वाटलं. त्या दार उघडं ठेवून आत गेल्या.

"अगं, इथे का बसलीस? काकूंकडे जा म्हणून लिहिलंय ना मी!"

तिने वर पाहिलं. ओठ सुकलेले.

"मी थांबले होते, आई."

"कशासाठी?"

"हे हलतच नाहीये."

मला कळलं नाही. मी तिच्याजवळ पायरीवर बसले. "काय हलत नाहीये?"

"शब्द. टॅबवर थांबलं की बरोबरवाला शब्द हलतो. असा." तिने बोट डावीकडे उजवीकडे थरथरवलं. "घाई करायची नाही. थांबायचं. हलला की मगच बोट लावायचं, म्हणजे पोपटाला वाईट वाटत नाही. सगळ्यांना माहितीये." मग हळूच म्हणाली, "मी खूप थांबले. तुझं पत्र खराब आहे का?"

दिव्याखाली अंधार म्हणतात. माझी मुलगी रोज माझ्यापासून दोन हातांवर बसत होती.

दुसऱ्या दिवशी टॅबच्या खोक्यातली पुस्तिका काढली. अकराव्या पानावर बारीक अक्षरात होतं: 'आठ सेकंदांत उत्तर न दिल्यास योग्य पर्याय हलकेच हलेल, जेणेकरून मूल निराश होणार नाही.' आठ सेकंद. त्यात बोट उचलून टेकवायला एक. नऊ. मी स्वतः दोन दिवस बसून सगळे धडे सोडवले होते आणि मला एकही शब्द हललेला दिसला नव्हता. दिसणार कसा? मला 'कमळ' ओळखायला आठ सेकंद कशाला लागतील? ज्याला वाचता येतं त्याला ते कधीच दिसत नाही. आणि धडा चालू असताना मी काय करत होते? शांतता मिळाली म्हणून मागच्या बाकावर बसून वह्या तपासत होते.

त्या आठवड्यात मी स्टूल खिडकीशी ओढलं. एकेकाला जवळ घेतलं, दहा दहा मिनिटं, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर. कागद समोर ठेवला, 'घर मोठं आहे' असली साधी वाक्यं. मुलं बसली. हात मांडीवर, नजर कागदावर. वर्गातली चष्मेवाली, जिच्या आलेखाची रेघ मी प्रशिक्षणात भिंतीवर मोठी करून दाखवली होती, ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. "...सहा, सात, आठ." आठ झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी सांगितलं होतं अगदी तसं. मीच काहीतरी करायचं राहिलंय असं.

सव्वीसपैकी एकोणीस. सात जणांना वाचता येत होतं, आणि त्या सातांची नावं बाईंच्या वहीत जुन्या पानांवर अडलेल्या शब्दांसकट होती.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. "सर, अहवाल चुकीचा आहे. परत मागवा."

त्यांनी आधी दार लावलं. "बसा. पाणी घ्या. बाई, सुटलेला बाण परत भात्यात येतो का? तुमचा अहवाल वाचून चाळीस शाळांत टॅब गेले. चाळीस!"

"एकोणीस मुलांना वाचता येत नाही, सर. माझ्या मुलीला येत नाही."

"मुलगी लहान आहे, येईल. मुलं काय, शिकतात आपोआप." ते खरंच दयाळूपणे बोलत होते, तेच जास्त लागलं. "आणि प्रश्न सतरा. तुम्ही 'होय' केलंय. आता ते खोटं होतं असं सहीनिशी लिहून देणार का?"

"देते."

त्यांनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "द्या," म्हणाले. "मी पाठवतो. अडवणार नाही."

मी दिलं. प्रश्न सतराबद्दल खरं काय ते लिहिलं, आठ सेकंदांचं लिहिलं, एकोणीस मुलांनी काय केलं ते एकेका ओळीत लिहिलं. वाटलं, आता निदान गदारोळ होईल. मला काढतील, पण तास परत मिळेल.

मला कुणी काढलं नाही. तीन आठवड्यांनी एक पत्र आलं. वरच्या कार्यालयाने माझ्या 'पूरक माहितीची' नोंद घेतली होती आणि ती टॅबच्या कंपनीला कळवली होती. कंपनीचं उत्तर खाली जोडलेलं होतं: मुलांना आठ सेकंद वाट पाहावी लागते ही अडचण निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभार; नव्या सुधारणेत ही मदत पाच सेकंदांतच मिळेल.

सोमवारी टॅब सुधारले गेले. आलेखाची रेघ आणखी चढली.

मी ते पत्र घेऊन खाली कार्यालयात गेले. मोठ्या बाई दाखल्यांच्या गठ्ठ्यामागे बसल्या होत्या. त्यांनी पत्र वाचलं, ओळीखाली बोट ठेवून, आणि परत दिलं.

"बाई, मधल्या सुट्टीत तरी बसा. मी मुलं पाठवते."

"बसले होते गं. तास बंद झाल्यावर दोन आठवडे बसले वर्गाबाहेरच्या पायरीवर, पुस्तक घेऊन. एक पोर आलं नाही. सुट्टीत कोण वाचायला येईल? मी लहान असते तर मीही आले नसते."

"तुम्ही मला बोलत का नाही? चार शब्द सुनवा तरी."

"तुला बोलून कोणाला वाचता येणार आहे?" त्यांनी पुढचा दाखला ओढला. मग पेन थांबवलं. "तुझी कितवीत? दुसरीच ना. घरी घे तिला. एक तरी."

एक तरी. हे दोन शब्द मी घरी घेऊन आले.

रविवारची दुपार. धाकटी पाळण्यात झोपलेली, सासूबाई पलंगावर आडव्या. बाबा कुठल्यातरी इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट सोडवायला गेलेला. मी खारूला घेऊन जमिनीवर बसले. मोठ्या बाईंची वही उघडली, नव्या पानावर खारूचं नाव लिहिलं. समोर कागद, त्यावर चार शब्द: 'कमळ, कपाट, कागद, कबूतर'.

"टॅब नाही. पोपट नाही. इथे काही हलणार नाही, कळलं? मी म्हणेन तो शब्द तू दाखवायचा."

"चुकला तर?"

"चुकला तर मला खूप आनंद होईल. मी तो वहीत लिहून ठेवीन."

तिला हे पटलं नाही, पण मान हलवली.

"कागद."

ती थांबली. मी पण थांबले. मनातल्या मनात मोजायचं नाही असं ठरवलं होतं तरी मोजत होते. सहा, सात. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बोट टेकवलं. 'कागद'वर.

"शाब्बास!" मी जवळजवळ ओरडलेच. पाळणा हलला. मी जीभ चावली. "परत. कबूतर."

पुन्हा थांबली. पुन्हा माझ्याकडे एक नजर. बोट बरोबर 'कबूतर'वर.

"कपाट." बरोबर. "कमळ." बरोबर. मी शब्दांची जागा बदलली, नवे शब्द लिहिले, 'नदी, नळ, नजर, नख'. सगळे बरोबर. माझा ऊर इतका भरून आला की मला काही सुचेना. तिला सगळं येत होतं, फक्त कोणी जवळ बसायची खोटी होती! मी पलंगाकडे वळले.

"आई, उठा, बघा ना! वाचतेय ती. एकही चूक नाही."

सासूबाई उशीला टेकून कधीच्या जाग्या होत्या. मी खारूला आणखी एक शब्द विचारला, तिने दाखवला. मी पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या बोलण्यातला नेहमीचा तिखटपणा त्या वेळी नव्हता, आणि म्हणूनच मला भीती वाटली.

"अगं," त्या म्हणाल्या, "ती कागदाकडे कुठे बघतेय? ती तुझ्या तोंडाकडे बघतेय. तू शब्द म्हणतेस आणि तुझे डोळे आधी तिथे जातात."

खारूने मान खाली घातली. पोपटासारखी.

मी तिला रागावले नाही. तिने काय चुकीचं केलं? तिने हलणारं काहीतरी शोधलं होतं. कागद हलत नव्हता, तर आईचे डोळे हलत होते. इतकं बारीक मला तिच्या वयात दिसलं नसतं. एवढी हुशार मुलगी माझी, आणि ती सगळी हुशारी तिने न वाचण्यासाठी खर्च केली होती. ते तिला मी शिकवलं होतं. वर तारे दिले होते.

"बरं," मी म्हटलं. आवाज नीट ठेवायचा प्रयत्न केला. "आता मी डोळे मिटते. अगदी घट्ट. तू दाखव, मग मला सांग, मग मी बघीन."

मी डोळे मिटले.

"नजर," मी म्हटलं.

पाळण्याची कडी कुरकुरत होती. सासूबाईंच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या. मी मोजायचं नाही म्हटलं होतं. आठ झाले. पंधरा झाले. मग मी मोजणं सोडून दिलं. कागदाचा आवाज आला नाही. तिच्या श्वासाचा येत होता, जवळ, आणखी जवळ, गालात काहीतरी ठेवल्यासारखा थोडा जड.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "डोळे उघड ना."

"तू आधी दाखव."

मग मला तिचं बोट जाणवलं. ते कागदावर नव्हतं. ते माझ्या पापणीवर होतं, हळूच, मला दुखणार नाही अशा बेताने, ती वर उचलू पाहत होतं.